अल्बर्टाची दक्षिण सीमा

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. फ्रिस्को, टेक्सास. लख्ख ऊन, उत्तरेचा गार वारा.

मी कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताचा नकाशा बोलतोय. छापखान्यातला नव्हे. त्या सकाळी शशिकांतने लॅपटॉपच्या पडद्यावर बटर पेपर धरून माझी सीमा गिरवली आणि मला ड्रॉइंग शीटवर उतरवलं. लहानपणी गावी, दहिवडीच्या शाळेत नकाशा भरायचा, तसाच भरला: पश्चिमेला रॉकी पर्वत तपकिरी, मैदानं पिवळी, तेलविहिरींना काळे त्रिकोण, कोपऱ्यात सूची. दक्षिण सीमा म्हणजे ४९ उत्तर अक्षांश, ती पट्टीने. त्याखाली चार बोटं कागद कोरा.

कंपनीने त्याला कॅलगरीला बदली देऊ केली होती. इथे ग्रीन कार्डची रांग हलत नव्हती. तिकडे कायमचं राहणं लवकर जमेल, असं वकील म्हणाला होता. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. म्हणून बायको वीणा आणि अकरावीतली मुलगी हिमानी यांना त्याने माझ्यासमोर बसवलं.

त्याने सगळं सांगितलं. १९०५ मध्ये प्रांत झाला, १९४७ मध्ये लेडूकजवळ मोठा तेलसाठा सापडला. पर्वत पश्चिमेचा पाऊस अडवतो, म्हणून मैदानं त्याच्या दहिवडीच्या माण तालुक्यासारखी कोरडी. तेल इथलं आणि निर्णय ओटावाचे, ही तिथली जुनी तक्रार. काहीजण तर वेगळं व्हायचं म्हणतात.

वीणा नागपूरची. "म्हणजे तुझ्या माणात आमचा विदर्भ," ती म्हणाली. "वेगळं व्हायच्या गोष्टी ऐकायला एवढं लांब कशाला जायचं?"

शशिकांत हसला. हिमानी हसली नाही. तिने विचारलं, "बाबा, आपलं घर कुठेय यात?"

"ते यात येत नाही. सीमेच्या खाली, बरंच दूर."

तिने कोऱ्या जागेत पेन्सिलने टिंब दिलं. "दॅट्स मी. आय ॲम नॉट मूव्हिंग टिल आय ग्रॅज्युएट."

"सूचीत नसलेली खूण नकाशात चालत नाही," तो सवयीने म्हणाला.

"मग सूचीत घे," वीणा म्हणाली.

मग त्याने सूचीत ओळ वाढवली: टिंब, हिमानी. वीणाने त्याच्या हातून पेन घेऊन पुढे स्वतःचं नाव लिहिलं. तिची नोकरी तिच्या स्वतःच्या व्हिसावर आहे, तो गेला तरी दोघींना इथे राहता येतं.

सध्या मी फ्रिजच्या दारावर असतो. येणारी माणसं माझ्यात आधी ओळखीचं गाव शोधतात. सापडलं नाही की पाणी पिऊन निघून जातात. माझा एक कोपरा सुटलाय, तेवढा कुणीतरी चिकटवा.

शशिकांतने त्याच आठवड्यात गुरुवारी होकार कळवला. ४ जानेवारीला तो एकटा कॅलगरीला गेला.