मोलकरणीचा रोल

बहारीनच्या मराठी मंडळात नाटकातले रोल कसे वाटायचे, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. नवरा ऑफिसात जेवढा वर, तेवढा बायकोचा रोल मोठा. त्यामुळे बँक मॅनेजरच्या मालूताई पन्नाशीतही नायिका, आणि असिस्टंट अकाउंटंट शैलेंद्रची सुनीता दरवर्षी मोलकरीण. सत्त्याण्णव साली सुनीताचं डोकं फिरलं.

शैलेंद्रच्या इंग्रज साहेबाची आई, मार्जरी, हिवाळ्यापुरती जनाबिया भागातल्या मुलाच्या बंगल्यात आली होती. लंडनच्या रंगभूमीवर तिनं उभा जन्म काढलेला. तिच्याकडून अभिनय शिकायचा आणि पुढच्या वर्षी मालूताईंना घरी बसवायचं, असा सुनीताचा बेत होता.

"सायबाच्या आईला कामाला लावतेस? माझा व्हिसा खलास करशील," शैलेंद्र म्हणाला. सुनीता चकल्यांचा डबा घेऊन गेलीच.

"तुम्ही कोणते मोठे रोल केलेत?" तिनं मार्जरीला विचारलं.

"मोलकरणींचे," मार्जरी चकली मोडत म्हणाली. "एकदा प्रेत झाले होते. त्यात मात्र माझी फार तारीफ झाली."

सुनीताचं तोंड एवढंसं झालं. गुदैबियातल्या घरून टॅक्सी करून आपण आपल्यासारखीलाच भेटायला आलो, असं तिला वाटलं.

"मग लोक बघायचे का तुमच्याकडे?"

"कोण जाणे. ट्रे ठेवताना माझी पाठ कायम लोकांकडे. ते जाऊ दे, तुझा यंदाचा प्रवेश सांग."

प्रवेश साधा होता. मालूताई अमेरिकेतल्या मुलाची वाट बघतायत, तो येत नसल्याचा फोन येतो, आणि मोलकरीण मायलेकांचा चहा ठेवून जाते. मार्जरीला असाच एक प्रवेश आठवला. त्यात ती काय करायची, ते तिनं सुनीताकडून घोटून घेतलं. त्या महिन्यात शैलेंद्रला घरी वेळेवर चहा मिळाला नाही.

प्रयोगाला साहेबाची आई म्हणून मार्जरीला पहिल्या रांगेत बसवलं. फोन ठेवून मालूताईंनी असा गळा काढला की तो शेजारच्या मुहर्रक बेटापर्यंत ऐकू गेला असावा. सुनीता आली, लोकांकडे पाठ करून तिनं दोन कप ठेवले. बाईंकडे पाहिलं. मग त्यातला एक कप उचलून ती आत निघून गेली.

सभागृहात बसलेल्या बहुतेकांचे आईवडील गावी असेच वाट बघत होते.

पुष्पगुच्छ अर्थातच मालूताईंना मिळाला. सुनीता आत धुमसत बसली होती, तेवढ्यात मार्जरी आली.

"कसं झालं माझं काम?" सुनीतानं विचारलं.

"पाहिलं नाही मी. तू कप उचललास आणि मी मागे वळून लोकांकडे बघत बसले. सगळे रडत होते." मार्जरी तिच्याशेजारी बसली. "माझ्या वेळीही रडत असतील, नाही गं?"

सुनीता पुष्पगुच्छ विसरली. तिनं म्हातारीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"रडतच असणार," ती म्हणाली.