पाइनचा नवा शेंडा

घार येऊन बसली आणि शेंडा मोडला. झालं एवढंच, पण ताईंनी अशी किंकाळी फोडली की मी हातातलं शिवण टाकून अनवाणीच बागेत धावले.

ताई म्हणजे माझी नणंद. जन्मभर त्यांनी लोकांचे वाकडेतिकडे दात तारा लावून सरळ केले. दवाखाना बंद केला आणि सगळा जीव बागेत ओतला. बाग केवढी, तर या टोकाकडून हाक मारावी आणि त्या टोकाला तिचा नुसता सूर पोचावा. त्या बागेच्या मधोमध त्यांनी वीतभर पाइनचं रोप लावलं होतं. पहिले काही उन्हाळे त्याला पोत्याची सावली केली. बुंध्याभोवती त्याच्याच वाळक्या सुयांचं अंथरूण घातलं. पाणी मात्र बेतानं, कारण "याला पाय ओले ठेवलेले खपत नाहीत," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत. बघता बघता झाड घराच्या छपराशी बोलू लागलं.

आणि आता त्याचा कोवळा, सरळसोट शेंडा गवतात पडला होता. मोडल्या जागी डिंकाचे थेंब चमकत होते.

"संपलं," माझा नवरा म्हणाला. आयुष्यभर भूमिती शिकवलेला माणूस, सरळ रेषेबाहेर काही सहन होत नाही त्याला. "पाइनचा शेंडा गेला की झाड गेलं. आता ते आडवंतिडवं पसरणार. ना शेंडा ना बुडखा! काढून टाकू आणि दुसरं लावू."

"बाळ्या," ताई म्हणाल्या. बाळ्याची साठी उलटून गेली आहे. "एक दात पडला म्हणून मी पेशंटच काढून टाकते का?"

मग त्यांनी मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि एकदम टाळी वाजवली. "ती बघ वहिनी! मोडलेल्या जागेच्या अगदी खालची फांदी, उजवीकडची. कोवळी आहे, वाकेल. तिला काठीला बांधून उभी केली, तर तीच शेंडा होईल. मात्र आजच, लाकूड कडक व्हायच्या आत."

ताईंचे गुडघे शिडी चढू देणारे नव्हते. नवरा स्टुलावर चढला तरी त्याला गरगरतं. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"मी? मी ब्लाउज शिवते, झाडं नाही."

"गाठ तुझ्याइतकी नीट कोणाची बसते?" ताई म्हणाल्या. झालं, मी विरघळले.

नवऱ्याच्या जुन्या बनियनच्या पट्ट्या कापल्या. मऊ आणि ताणल्या जाणाऱ्या, सालीला काचू नयेत म्हणून. त्याला विचारलं नाही. बांबूची काठी पाठीला बांधली आणि जीव मुठीत धरून चढले. नवऱ्यानं शिडी अशी कवटाळली होती, जणू तोच पडणार होता. सुया गालाला टोचत होत्या, हात डिंकानं चिकट झाले होते, आणि वर गेल्यावर जो सुगंध आला, तो आला! खालून कधी कळलाच नव्हता.

"आधी काठी बुंध्याला बांध! दोन ठिकाणी!" ताई खुर्चीवरून ओरडत होत्या. "आता फांदी हळूहळू उचल. झटका नको! जबडा उघडताना कसं, हळू... हळू..."

"ताई, माझा जबडा नाही उघडत भीतीनं!"

फांदी उचलली. अर्ध्यावर 'कर्र' असा आवाज झाला. पाहिलं, तर नुसता सालीचा पापुद्रा सुटला होता. फांदी शाबूत! मी तिला काठीशी आणली, सैलसर गाठी मारल्या आणि ओरडले, "उभी राहिली!" खाली दोघं भावंडं शाळकरी पोरांसारखी नाचत होती. नवऱ्यानं त्या भरात शिडी सोडलीसुद्धा, आणि मला "अहो, शिडी!" म्हणून बोंब मारावी लागली.

त्यानंतर त्यानंच डोकं लढवलं. झाडापेक्षा उंच असा एक वासा शेजारीच रोवला. "घारीला बसायचंच असेल तर इथे बसू दे," म्हणाला. दुसऱ्याच सकाळी घार खरोखर तिथे ऐटीत बसली, आणि नवऱ्यानं दिवसभर कॉलर ताठ ठेवली.

वर्षभर ताईंनी डोळ्यांत तेल घालून राखण केली. गाठ काचायला लागली की मी चढायचे, सोडून पुन्हा बांधायचे. हळूहळू मला चढायची ओढच लागली. वसंत आला तशा फांदीफांदीच्या टोकाला मेणबत्त्यांसारखे फिके कोंब उभे राहिले. सगळ्यांत लांब कोंब कुठे? आमच्या फांदीला! रोज सकाळी चहा निवायचा आणि आम्ही तिघं माना वर करून उभे.

अखेर ताई म्हणाल्या, "आज तारा काढायच्या."

मी वर गेले. पहिली गाठ सोडली, दुसरी सोडली. शेवटच्या गाठीशी हात थबकला. फांदी परत आडवी पडली तर?

"सोड गं!" ताईंचा आवाज फाटला होता.

सोडली. काठी बाजूला घेतली. फांदी थरथरली, किंचित एका बाजूला झुकली. मग ती सावरली आणि उभीच राहिली. वाऱ्याची झुळूक आली, डोलली, पुन्हा उभी! मी वरून काय ओरडले ते मला आठवत नाही. ताई मात्र रडतही होत्या आणि हसतही होत्या.

"जरा वाकडा आहे," नवरा डोळे किलकिले करून म्हणाला. "पाचेक अंश."

"मग चढ आणि सरळ कर!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो.