निळ्या पट्ट्यावरचा अनिश

मी एक जुनी सतरंजी आहे. तांबडे, निळे, पिवळे पट्टे आणि कडेला गोंडे, त्यातले निम्मे मुलांनी ओढून काढलेले. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात, असं तुम्ही शाळेत वाचलं असेल. मी उसासे टाकणार नाही, मित्रांनो. मला राग आला आहे. तो मी घडी घालून कपाटात ठेवणार नाही.

माझा जन्म सोलापूरकडच्या एका हातमागावर झाला. विणणाऱ्याने मला असं घट्ट विणलं की पाण्याचा थेंबसुद्धा वर थांबून विचार करायचा. अलकनंदाबाईंच्या लग्नात त्यांच्या आईने मला त्यांच्याबरोबर दिल्लीला धाडलं. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझ्यावर पाहुणे झोपले, हळदीकुंकवाच्या बायका बसल्या. दर गणपतीत मंडळ मला मागून न्यायचं आणि प्रसादाच्या शिऱ्याचे डाग घेऊन मी परत यायची. पुढे बाईंचे यजमान अशोकराव निवृत्त झाले आणि आम्ही दिल्लीतच द्वारकेला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. तिथे बाईंनी घरातच पाळणाघर सुरू केलं.

तेव्हापासून माझे खरे दिवस सुरू झाले. पाच मुलं, पाचांचे आईबाप दिवसभर ऑफिसात. बाई मला हॉलभर अंथरायच्या आणि म्हणायच्या, "चलो, आता तांबड्यावर. आता पिवळ्यावर. निळ्यावर पाय पडला तो आउट." मुलं बेडकासारखी उड्या मारायची, माझं एक टोक उचलून माझ्याखालून सरपटत जायची. दिवाळीनंतर हवा बिघडली की खिडक्या बंद व्हायच्या, पार्कात जाणं बंद व्हायचं. मग त्या पाच जणांचं मैदान मीच असायची. मी विरले, दोनदा ठिगळ लागलं. माझं कौतुक कोणी केलं नाही आणि मला त्याची गरजही वाटली नाही.

मग शोकेसच्या वर कॅमेरा बसला. आईबापांना ऑफिसातून आपलं मूल फोनवर बघायचं होतं. बघावं की, माझी काही तक्रार नव्हती. पण एका दुपारी दोन वर्षांच्या अनिशने निळ्यावरून पिवळ्यावर उडी मारली, पाय गोंड्यात अडकला आणि तो पडला. कपाळाला टेंगूळ आलं. दोन मिनिटं रडला आणि उठून परत रांगेत उभा राहिला. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. अनिशची आई, शालिनी, गुरुग्रामच्या ऑफिसातून बोलत होती.

"काकू, मी आत्ता लाइव्ह बघितलं. पाळणाघर आहे की आखाडा? काही झालं असतं म्हणजे?"

संध्याकाळपर्यंत आणखी तीन फोन आले. बाई घाबरल्या. मुलं काढून घेतील, घर सुनं होईल, या भीतीने त्यांनी दुसऱ्या दिवशी नियम केला. एकेका मुलाला माझा एकेक पट्टा वाटून दिला. अनिशला निळा. "आपापल्या पट्ट्यावर बसायचं. उठायचं नाही." समोर टीव्ही लावला.

मित्रांनो, ज्या पट्ट्यांवरून मुलं उडत होती, त्याच पट्ट्यांचे मोठ्यांनी पिंजरे केले. माझ्या पट्ट्यांचे. आणि वर कौतुक काय झालं म्हणता? आईबापांच्या ग्रुपवर रोज फुलं यायची. कितने शांत बच्चे हैं. बिल्कुल त्रास नाही. कोणीतरी लिहिलं, सतरंजीपण किती छान ठेवली आहे. बाईंनी ते अशोकरावांना वाचून दाखवलं तेव्हा माझं सूत न् सूत जळलं. वर्षभर माझ्यावर एक डाग पडला नाही, एक दोरा तुटला नाही. पाच मुलं मांडी घालून बसली आणि मी नव्यासारखी दिसू लागले. लाज वाटायला हवी होती सगळ्यांना. बाईंनाही, कारण त्यांना सगळं कळत होतं.

एप्रिलमध्ये बाईंनी मला धुऊन जिन्याच्या कठड्यावर वाळत घातलं, म्हणून पुढचं मला दिसलं. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. पाच वाजता शालिनी धापा टाकत वर आली आणि अनिशला घेऊन जिन्याशी उभी राहिली. एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग, दुसऱ्यावर त्याचं दप्तर. बाई दारात उभ्या होत्या.

"चल बेटा, उतर."

अनिश आता तीन वर्षांचा झाला होता. त्याने खालच्या पायरीकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला. मांडी घालून, अगदी माझ्यावर बसतो तसा.

"अरे उतर ना. एकच तर पायरी आहे."

"नाही येत," तो म्हणाला. शालिनीने हात धरून उठवलं तर त्याचे पाय थरथरू लागले आणि तो रडायला लागला.

खालून काठीचा आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरचे अण्णासाहेब, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कठडा धरून चढत येत होते.

"अलकनंदाबाई, बरेच दिवस विचारीन म्हणतोय," ते म्हणाले. "पाळणाघर बंद केलंत का? वरून धबधब आवाज यायचा, बरं वाटायचं. वर्षभर काहीच नाही." मग त्यांनी रडणाऱ्या अनिशकडे पाहिलं.

शालिनी बाईंकडे वळली. "काकू, तो पडू नये, असं मी म्हणाले होते. बसवून ठेवा असं नव्हते म्हणाले."

"आणि न पडता उड्या मारायला कसं शिकवायचं, तेवढं मला सांग," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. "तू घाबरलीस, मी तुझ्याहून जास्त घाबरले. दोघींनी मिळून केलंय हे."

शालिनीने दोन्ही बॅगा सावरल्या. अनिशला कडेवर घेऊन ती तीन मजले उतरली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला अंथरलं आणि टीव्ही लावला नाही. "चला, उड्या," त्या म्हणाल्या. पाचही मुलं आली आणि काही न सांगता आपापल्या पट्ट्यावर बसली. बाई बघत राहिल्या. मी आयुष्यात पुष्कळ वजनं पेलली, पण त्या पाच शहाण्या मुलांइतकं जड मला काही लागलं नाही.

मग बाईंनी पदर खोचला. गुडघे दुखरे, वय साठीचं. त्यांनी तांबड्यावरून निळ्यावर उडी मारली, थेट अनिशच्या शेजारी. खालून अण्णासाहेबांनी छतावर काठीने दोनदा ठकठक केलं. अनिश हसला, उठला. त्याला उडी जमली नाही. एक पाय पिवळ्यावर टाकला, मग दुसरा ओढून घेतला, आणि पडला. कॅमेरा चालू होता. फोन वाजला नाही.

मित्रांनो, वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणते, मला जपू नका. तुमच्या घरात लहान भावंडं असतील तर मला अंथरा आणि त्यांना माझ्यावर सोडा. माझे गोंडे तुटू देत, निळा पट्टा विरून खालची फरशी दिसू दे. फाटले की मला फेकून द्या आणि दुसरी आणा. पण नव्यासारखी सतरंजी आणि तिच्यावर चुपचाप बसलेलं मूल दिसलं, तर त्या घरातल्या मोठ्यांना माझा राग सांगा.