सुतक नसलेलं घर

कोणाच्या घरी माणूस गेला, की चंद्रपूरच्या अनसला आधी त्याची जमीन आठवायची. तसा तो वाईट नव्हता; प्लॉटांची दलाली करायचा आणि पोटासाठी डोळे उघडे ठेवायचा, एवढंच. वारसाच्या अर्जाची जाहीर नोटीस पेपरात आली, की दुसऱ्या दलालाचा चहा संपायच्या आत हा गावात हजर. हातात केळी, चेहरा पडलेला, आधी सांत्वनाचे दोन शब्द. जमिनीचं नंतर. सुतकाच्या घरातून उठताना 'येतो' म्हणायचं नसतं, हेसुद्धा तो कटाक्षानं पाळायचा.

चामोर्शीकडच्या नानाजींची नोटीस त्यानं अशीच वाचली. नाव, गाव, डांबरी रस्त्याला लागून धानाचं वावर. वरचा मजकूर वाचायची त्याला सवयच नव्हती.

अंगणात एक बाई धान पाखडत होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. नानाजींची बहीण असेल, असं धरून अनस ओट्यावर टेकला.

"नानाजीभाऊ गेल्याचं समजलं, बाई. फार वाईट झालं."

बाईच्या हातातलं सूप सुटलं.

"कुठी सापडले?" तिनं विचारलं.

अनसला काही कळेना. खिशातलं कात्रण काढून त्यानं पहिल्यांदाच वरपासून वाचलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. नानाजी मिरची तोडायला तेलंगणात गेले, ते परतलेच नव्हते. सात वर्षं उलटली, तेव्हा त्यांना मृत समजावं आणि जमीन वारसांच्या नावे करावी, असा अर्ज त्यांच्या मुलानं, विक्कीनं केला होता. समोर बसली होती ती गुणाबाई, नानाजींची बायको.

"सापडले नाई, बाई. माहीच चूक झाली. विक्कीनं कोर्टात अर्ज केला आहे, बाप मेला समजा म्हनून."

"माहा अंगठा घेतला होता त्यानं. धानाच्या सरकारी बोनसचा कागद होय म्हने." गुणाबाई सांडलेलं धान गोळा करू लागली. "वावर इकून घुग्घुसले घर घ्याचं आहे त्याले. वावर घे ना म्हना, पन बापाले काऊन मारते? येतो म्हनून गेले होते ते. मी रोज कुंकू लावून राह्यलो. आता पुसू का, भाऊ?"

अनसला स्वतःची लाज वाटली. आजवर किती ओट्यांवर तो असा पडलेला चेहरा घेऊन बसला होता! रस्त्यालगतचं ते वावर अजूनही त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं, खोटं कशाला सांगा.

"नका पुसू," तो म्हणाला. "हरकत घ्याची तारीख बाकी आहे. तुमी सोता उभ्या राह्यल्या, त कोर्टाले ऐकाच लागन."

मग तो उठला. सवयीनं, काही न बोलता, चपला घालून फाटकापर्यंत गेला. तिथून परत फिरला.

"तारखेले येतो, बाई. गाडी घेऊन, तुमाले न्याले."

गुणाबाई सूप उचलता उचलता थांबली.

"येतो म्हनता, त याच, भाऊ," ती म्हणाली.