आजी म्हण, रितू

नागपूरच्या टेकडीच्या गणपतीकडे माणसं काय काय मागतात. पोरगा पास होऊ दे, बदली रद्द होऊ दे, शेजाऱ्याची भिंत आपल्या हद्दीतून हटू दे. प्रयागबाईंनी त्या दिवशी काहीच मागितलं नाही. शेंदराने माखलेल्या मूर्तीसमोर त्या हात जोडून उभ्या राहिल्या खऱ्या, पण डोळे मिटले तरी कानात जावयाचेच शब्द घुमत होते. देव बिचारा समोर बसून राहिला.

दुर्गेश वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. चपला काढता काढता त्याने खाली मान घालूनच विषय काढला होता.

“मामी, एक सांगू का? राग नका मानू.”

“बोला न, जवाईबापू.”

“रितूले आता तुमाले आजी म्हणायले शिकवा. सरितासमोर ते तुमाले आई म्हणून राहिली तं कसं दिसंन? पोरीले समजणारच नाही का आपली आई कोण आहे.”

“सरिता काही बोलली का?”

“नाही जी. मलेच वाटलं.”

एवढं बोलून तो स्कूटर घेऊन होणाऱ्या बायकोला, सरिताला, आणायला गेला. बर्डीच्या बाजारातल्या साडीच्या दुकानात भेटायचं ठरलं होतं. टेकडीवरून बर्डी म्हणजे काय, पायी गेलं तरी बोलता बोलता येते. तेवढ्या रस्त्यात प्रयागबाईंना साडेचार वर्षांच्या नातीकडून एक शब्द काढून घ्यायचा होता आणि दुसरा तिच्या तोंडात घालायचा होता.

तो शब्द तिच्या तोंडात आला कसा, त्याची गोष्ट अगदी साधी आहे. रितिका आठ महिन्यांची असताना तिची आई, म्हणजे प्रयागबाईंची मोनाली, डेंग्यूने गेली. तापाच्या गोळ्या घेऊन नागपुरात झोपलेली पोरगी आठवड्याच्या आत गेली. दुर्गेशला नोकरी सांभाळून तान्हं लेकरू सांभाळणं जमेना, म्हणून प्रयागबाईंनी रितूला आपल्या गावी, मौद्याला आणलं. त्या घरात मुलगा विक्रम त्यांना आई म्हणायचा, दूधवालाही आईच म्हणायचा. रितूला बोलता येऊ लागलं तेव्हा तीही आई म्हणाली. प्रयागबाईंनी सुधारलं नाही. आधी वाटलं, मोठी झाली की समजेल. मग सुधारावंसंच वाटेना. खोटं कशाला सांगायचं, पोटची पोर गेल्यावर ती बाई त्या एका हाकेवर उभी राहिली होती.

आणि दुर्गेशच्या दुसऱ्या लग्नासाठी मागे कोण लागलं होतं? त्याच. “किती दिवस डब्याचं जेवाल, बापू?” म्हणून त्यांनीच विषय काढला. पहिलीच्या माहेराने दुसरीला लेक मानायचं, तिला साडी नेसवायची, ही रीत त्यांना ठाऊक होती. म्हणून सरिताची लग्नाची साडी मी घेईन, हेही त्या भरल्या बैठकीत बोलल्या. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. त्या साडीच्या घडीत आई हा शब्दही घालून द्यावा लागेल, हे त्या बैठकीत कोणी सांगितलं नव्हतं.

देवळाच्या पायऱ्या उतरल्यावर दुर्वा-नारळाच्या दुकानांपाशी त्यांनी सुरुवात केली.

“रितू, मी कोण वं तुही?”

“आई.”

“आई नाही. आजी.”

रितूने पेढा चावता चावता मान वर केली. “आजी तं बायजाबाई आहे.”

बायजाबाई म्हणजे मौद्याची शेजारीण. तिच्या तोंडात दात नव्हते, आणि अंगणात चेंडू गेला की ती तो परत देत नसे. रितूच्या लेखी आजी म्हणजे एवढंच.

“तेबी आजी, मीबी आजी.”

“तुले तं दात आहे.”

प्रयागबाईंना हसू फुटलं. नाक पुसून त्यांनी शिकवणी पुन्हा धरली. “हे पाय. आईची जे आई राहते, तिले आजी म्हणतात. तुही आई मोनाली.”

“फोटोआई.”

“हो, फोटोआई. मी तिची आई. म्हणून मी तुही आजी. समजलं?”

रितूने जरा विचार केला. “तू फोटोआईचीबी आई, आन माहीबी आई.”

प्रयागबाईंनी मग लाच देऊन पाहिली.

“आजी म्हण, फुगा घेऊन देईन.”

“आजी!” रितू लगेच म्हणाली. “दे फुगा, आई.”

मानस चौकात गाड्यांची रीघ लागली होती. डोक्यावरून मेट्रो गेली तशी रितूने मान मोडेस्तोवर वर पाहिलं आणि प्रयागबाईंचं बोट आणखी घट्ट धरलं. शेजारी एक ऑटोवाला ओरडत होता, “बस स्टँड! गणेशपेठ!” प्रयागबाईंच्या मनात आलं, बसावं आणि सरळ मौद्याची एसटी धरावी. कोण अडवणार होतं? साडी काय, कुरिअरने पाठवता येते. त्यांनी ऑटोकडे एक पाऊल टाकलंसुद्धा.

पण मग रात्रीचं कोण बघेल? म्हणजे पुढच्या रात्रींचं. जूनपासून रितूची शाळा नागपुरात होती. तिला सरिताच्या हातचं जेवायचं होतं, ताप आला की तिच्या कुशीत शिरायचं होतं. आई हा शब्द मौद्यातच अडकून पडला, तर त्या घरात पोरगी अंधाराला भिऊन उठल्यावर हाक मारणार कोणाला? प्रयागबाईंनी पाऊल मागे घेतलं. ऑटोवाल्याने दुसरी सवारी भरली.

बर्डीच्या मेन रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. लग्नसराई. “देख लो दीदी, देखने का पैसा नहीं,” असा गलका दोन्ही बाजूंनी चालू. दुकान आता समोर दिसत होतं, आणि रितू अजूनही “आई, हे काय? आई, ते काय?” करत होती. क्लिपा, रबरबँड मांडलेल्या एका हातगाडीशी रितू थबकली आणि तिचा हात सुटला. प्रयागबाई गर्दीच्या रेट्याने पुढे ढकलल्या गेल्या. दोरीवर टांगलेल्या फ्रॉकांच्या पलीकडे त्या थांबल्या. फटीतून रितू चांगली दिसत होती. हात लांबवला असता तरी पोचला असता.

रितूने वर पाहिलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला.

“आई!”

बर्डीत आई म्हटलं की कितीतरी बाया वळतात. तशा वळल्या, आणि आपलं नाही म्हणून पुढे गेल्या. प्रयागबाईंचा पाय उचलला गेला. तो त्यांनी तसाच खाली ठेवला.

“आई! आई वं!”

त्यांनी तोंडात पदराचा बोळा कोंबला. येऊन राहिली, येऊन राहिली, असं आतून सगळं अंग ओरडत होतं, आणि ती बाई हलली नाही. क्लिपावाली म्हणाली, “कोणाची वं पोरगी हे?” रितूचं रडं आता मोठं झालं होतं. नाकातून, डोळ्यांतून धारा. आई, आई म्हणून ती इतकी रडली की शब्द फुटेना. मग हुंदक्यांच्या मध्ये कुठून तरी तिला आठवलं.

“आजी...”

फ्रॉकांची अख्खी रांग बाजूला सारून प्रयागबाई धावल्या. “आली वं बाई, आली! हे काय मी!” पोरीला उचलून छातीशी धरताना त्या स्वतःच इतक्या रडत होत्या की क्लिपावालीला कोण हरवलं होतं ते कळेना.

दुकानात गादीवर सरिता बसली होती. ती घाईने उठली, प्रयागबाईंच्या पाया पडली, मग रितूसमोर गुडघ्यांवर बसली.

“कोणासंग आली वं तू?”

“आजीसंग,” रितू म्हणाली.

दुर्गेशने सुटकेचा निःश्वास टाकला आणि सासूकडे डोळे भरून पाहिलं. सरिताच्या कपाळावर मात्र आठी पडली. तिने दुर्गेशकडे पाहिलं.

“हे तं मामीले आई म्हणते न? तुमीच सांगतलं होतं.”

“ते... मीच म्हणलं मामीले, का आता...”

“काहून?” सरिता म्हणाली. तिने प्रयागबाईंचा हात धरला. “माय मेल्यावर मी मावशीपाशी वाढली, मामी. तिले आईच म्हणत होती मी. मले हे काकी म्हणो, सरिता म्हणो, नाहीतं काही न म्हणो. तुमचं आईपण कायले काढून घ्याचं? राहू द्या जी.”

साडी उलगडणारा दुकानदार हात थांबवून बसला. दुर्गेश चपलांकडे पाहू लागला. प्रयागबाई गादीवर टेकल्या, रितूला मांडीवर घेतलं, तिचं तोंड पदराने पुसलं. किती दिवसांत आला नव्हता एवढा जीव त्यांच्या आवाजात आला.

“रितू, म्हण वं बाई. आई म्हण. आता म्हण, कोणी काही नाही म्हणत.”

रितूने नकारार्थी मान हलवली.

“म्हण न माही सोनू. एकडाव.”

रितूने त्यांचा पदर दोन्ही मुठींत गच्च धरला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“नाही,” ती म्हणाली. “आई म्हणलं का तू येत नाही.”