मिसेस थ्रेलफॉलची गूजबेरी

ऑब्री लँगस्टाफला आयुष्यात कधी काम करावं लागलं नव्हतं. वडिलांनी कोळशाच्या खाणींत इतकं कमावून ठेवलं होतं, की बसून खाणं एवढंच त्याच्याकडे उरलं होतं, आणि ते तो मनापासून करी. बाकी सगळं, अगदी टाय कुठला बांधायचा हेही, डिमॉक पाही. डिमॉक त्याचा खासगी नोकर. पन्नाशीचा आणि मोजकं बोलणारा.

त्या ऑगस्टमध्ये दोघं यॉर्कशरच्या एका खेड्यात मित्राकडे पाहुणे होते. नाश्त्यानंतर ऑब्री रमतगमत गावच्या फळप्रदर्शनासाठी मैदानावर उभारलेल्या तंबूत शिरला. आत कोणी नव्हतं. टेबलावर बशा मांडल्या होत्या आणि एका बशीत लालबुंद गूजबेरी होती; एरवी बोराएवढं असणारं हे फळ इथे कोंबडीच्या अंड्याएवढं होतं. त्यानं ती खाल्ली. मग बशीजवळची चिठ्ठी वाचली. अकरा वाजता वजनाची स्पर्धा होती, आणि फळ होतं मिसेस थ्रेलफॉल नावाच्या विधवेचं.

तो धापा टाकत खोलीवर आला आणि त्यानं लंडनची पुढची गाडी गाठायची म्हणून सामान बांधायला सांगितलं. डिमॉकनं सगळं ऐकून घेतलं, हातातला सदरा नीट घडी करून ठेवला.

"चव कशी होती, सर?"

"डिमॉक, ही थट्टेची वेळ आहे का?"

"मी थट्टा करत नाही, सर."

खाण्याचा विषय निघाल्यावर ऑब्रीला खोटं बोलता येत नसे. तो विचार करून म्हणाला, "आधी आंबट, अगदी डोळे मिटावेत इतकी. मग मधासारखी. आणि सालीजवळ मस्कत जातीच्या द्राक्षाचा वास."

"हेच त्यांना जाऊन सांगा."

आदल्या दिवशी यजमानांच्या स्वयंपाकिणीकडून डिमॉकला सगळं कळलं होतं. त्या झुडपाची जात विधवेच्या नवऱ्यानं, एमॉस थ्रेलफॉलनं, एकोणीस वर्षं खपून तयार केली होती. पण ही फळं वजनापुरतीच. ती कापायचं त्याच्या जिवावर येई. चव न घेताच तो या वसंतात वारला. झुडपावर अजून एक बरं फळ होतं, आणि घोडागाडी डिमॉकनं आधीच दाराशी आणवली होती.

म्हातारी बागेत होती. ऑब्रीनं टोपी काढली आणि एका दमात कबुली दिली. तिचा चेहरा दगडासारखा झाला. मग तो चव सांगू लागला, तशी ती पायरीवर बसली.

"सालीचं पुन्हा सांगा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं.

"एमॉस म्हणायचा, सालीत मस्कत उतरेल. मी त्याला वेड्यात काढायची." तिनं ॲप्रननं डोळे पुसले. "बरं झालं, खाणारा जाणता निघाला."

दुसरं फळ वेळेत पोचलं आणि स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकावर आलं. पहिलं बक्षीस गेलं ते गेलंच; ऑब्रीला त्याची टोचणी राहिली. पण निघताना मिसेस थ्रेलफॉलनं त्याचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले. आजवर त्याचे आभार असे कोणी मानलेच नव्हते, कारण त्यानं कोणासाठी काही केलंच नव्हतं.

परतीच्या गाडीत ऑब्री डिमॉककडे वळला.

"तुम्ही मला पळून जाऊ दिलं असतंत तरी चाललं असतं, डिमॉक."

"मग आपल्याला पुन्हा इथे येता आलं नसतं, सर. आणि इथल्या स्वयंपाकिणीचा हात फार चांगला आहे."

ऑब्री हसला. मग अवघडून म्हणाला, "बारा वर्षांत मी तुम्हाला कधी 'थँक यू' म्हटलं का?"

"दरवाजा उघडल्यावर म्हणता, सर."

"दरवाजाचं नाही म्हणत मी."

डिमॉकनं खिडकीबाहेर पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"कळलं, सर," तो म्हणाला.