मुगाचे मोड

मी एक जुनी विणायची सुई आहे, मित्रांनो. फिलिपिन्समधल्या ला त्रिनिदाद गावच्या हेर्मेनियाला थोरली लेक झाली, त्या साली माझा जन्म झाला. तिच्या नवऱ्याने मोडक्या सायकलच्या चाकातली तार काढली, तिचे दोन तुकडे केले आणि टोके दगडावर घासली. एक तुकडा मी, दुसरा माझी बहीण. बावीस वर्षे आम्ही दोघींनी बागिओच्या बाजारासाठी स्वेटर विणले. हेर्मेनियाची वीण इतकी एकसारखी, की गिऱ्हाइके स्वेटर उलटून पाहत आणि मान डोलवत.

मग तिच्या धाकट्या बहिणीला, पसिताला, कॅन्सर झाला. पसिता बाजारात कोबी विकायची आणि तिचा आवाज चार गाळे ओलांडून जायचा. डॉक्टरांनी तिचा डावा स्तन काढला आणि दर तीन आठवड्यांनी एक, अशी सहा इंजेक्शने घ्यायला सांगितली. दोन तिने घेतली. तिसऱ्याच्या दिवशी ती घरातून निघेना.

"जीपनीच्या बाकांवर समोरासमोर बसावं लागतं, मनांग," ती थोरल्या बहिणीला म्हणाली; मनांग म्हणजे ताई. "सगळ्यांची नजर इथंच येते."

हेर्मेनियाने त्याच दिवशी आमच्यावर टाके घातले. पहिला स्तन तिने स्वेटरच्या उरलेल्या लोकरीचा विणला. त्याने जखमेची जागा खाजून लाल झाली. दुसरा सुती धाग्याचा, आत कापूस. तो इतका हलका, की चालताना वर वर सरकायचा. पसिता फार दिवसांनी हसली. "गळ्यापर्यंत आलाय. डॉक्टर आता टॉन्सिल म्हणून कापतील."

म्हणजे वजन हवे होते. हेर्मेनियाने स्वयंपाकघरातला डबा काढला आणि तिसऱ्यात मूठ मूठ मूग भरले. तो नेमका बसला. पसिता तिसऱ्या इंजेक्शनला गेली, चौथ्यालाही गेली. मधल्या दिवसांत बाजारातही बसली.

ऑगस्टमध्ये वादळ आले आणि अकरा दिवस ऊन पडले नाही. पसिताने तो धुतला, पण वाळेना. त्याच्याशिवाय बाहेर पडणे तिला जमत नव्हते, म्हणून ती ओलाच घालू लागली. अंगाची ऊब, ओल आणि मूग. आमच्यापैकी कुणाच्या लक्षात कसे आले नाही?

रविवारी चर्चमध्ये शेजारच्या बाईला पसिताच्या झग्यावर पांढरा दोरा दिसला. भल्या मनाने तिने तो ओढला. तो मोड होता. मागे कुणीतरी हसले. टाके मीच घातले होते, मित्रांनो, आणि सैल घातले होते.

घरी येऊन पसिताने तो बहिणीसमोर टेबलावर ठेवला.

"अजून पुरलं नाही मला, मनांग, तोवर वर उगवायलाही लागलं."

त्यानंतर तिने दार लावून घेतले. पाचव्या इंजेक्शनची तारीख गेली. हेर्मेनिया रोज जायची, विनवायची, दार वाजवायची. आतून उत्तर यायचे, की आज नको, उद्या बघू. सहावी तारीखही गेली. हेर्मेनिया आम्हाला खाली ठेवीना. माझे टोक बोटात घुसले तरी तिचा हात थांबला नाही. घट्ट वीण, भोवती कापूस, मध्ये पुरचुंडीत नदीतले गुळगुळीत खडे. आम्ही विणलेल्या सगळ्यांत चांगला तोच. तिने तो फडक्यात बांधून पसिताच्या दाराच्या कडीला लावला. तीन दिवस तो तिथेच लोंबकळत होता. चौथ्या दिवशी पसिताने तो आत घेतला, घातला आणि बहिणीबरोबर इस्पितळात गेली. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढून पाहिले. दुखणे फुप्फुसांत पसरले होते. पुन्हा इंजेक्शने सुरू करा म्हणून हेर्मेनिया त्यांच्यापुढे हात जोडून उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, आता ती तिच्या अंगाला झेपणार नाहीत.

आज हेर्मेनिया त्याच इस्पितळातल्या बायकांसाठी विणते. मी गंजले आहे, पण ती मला तेल लावून पुसते. बायका तिला दुवा देतात. दुवा ऐकताना ती वर बघत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातली, शेजारची कुणी अशा दुखण्यातून उठली असेल, तर तिच्या डोळ्यांकडे बघून बोला. हसू नका. आणि ती दार लावून बसली, तर दार वाजवून परत फिरू नका. हेर्मेनिया रोज परत फिरली. मी तिच्या पिशवीत होते, म्हणून सांगते. कडी काढायला लावा, रागावली तर रागावू द्या, पण तिला धरून इस्पितळात न्या.

पसिता मंगळवारी, ९ ऑक्टोबर २०१२ रोजी दुपारी वारली. ती त्रेचाळीस वर्षांची होती.